समोरून येणारी चार नंबर

“बघ, आजही केला त्यानं हात!” पुढच्या आडव्या बाकावरून एल्व्हिराबाई म्हणाल्या. “तुझ्या हाताला काय लकवा झालाय का रे, नॉर्ब?”

“बाई, बस चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये. पाटी वाचा.”

“ती पाटी माझ्यापेक्षा वयानं लहान आहे. मी नाही तिचं ऐकत.”

नदीच्या पुलावर चार नंबरच्या दोन्ही बस एकमेकींच्या अंगाला अंग लावून पुढे गेल्या. समोरच्या काचेतला हात खाली गेला. नॉर्बर्ट काझमारेकचे दोन्ही हात चाकावर होते तसेच राहिले.

गावातल्या बसवाल्यांची ही जुनी रीत. समोरून आपली बस आली की चाकावरचा डावा हात उचलायचा. उसने पैसे बुडवलेले असोत, डब्यातलं सँडविच चोरलेलं असो, हात उचलायचा. फक्त एका माणसाला तो करायचा नाही : संप फोडणाऱ्याला. आणि समोरच्या चार नंबरवरचा संपफोड्या म्हणजे नॉर्बर्टचा पाठचा भाऊ, लायल.

गोष्ट जुनी. त्या हिवाळ्यात संप लांबला, पगार थांबला, आणि पगाराबरोबर आरोग्यविमाही थांबला. लायलची बायको डोलोरेस तेव्हा केमोच्या मधोमध होती. एका सकाळी लायल बस घेऊन डेपोच्या गेटातून बाहेर पडला. गेटाशी पेटत्या पिंपावर हात शेकत सगळे उभे होते, आणि फलक घेऊन सर्वांत पुढे नॉर्बर्ट. भावाला पाहून लायलनं खिडकी सरकवली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. नॉर्बर्टनं पाठ फिरवली.

डोलोरेस वसंतात गेलीच. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. ज्यांनी लायलला गेटावर आईबहिणीवरून शिव्या घातल्या होत्या, त्यांनीही हॅम आणि बटाट्याचं सॅलड दोन-दोनदा वाढून घेतलं, आणि जाताना त्याच्या खांद्यावर थोपटून गेले. पुढं एकेकाचा हात पुन्हा उचलायला लागला. नॉर्बर्टनं मात्र दफनाच्या दिवशी जादा पाळी घेतली होती. माणसाचा राग फार दिवस मुरला की तो त्याला तत्त्व म्हणायला लागतो. नॉर्बर्टचं तसं झालं.

पण तत्त्वाच्या माणसाचाही जमाखर्च तपासून पाहावा. दर तीन महिन्यांनी डेपोत रूट निवडायचे असतात. नोकरीत जो जुना, त्याला पहिला मान, म्हणजे नॉर्बर्टला. विमानतळाची नऊ नंबर घेतली असती तर सरळ रस्ता, रिकामी बाकं, मजेत शिट्टी वाजवत दिवस गेला असता. तो घ्यायचा चार नंबर : शाळा, दवाखाना, कागद गिरणी, आणि थांब्याथांब्याला गुडघे धरून चढणारी म्हातारी माणसं. लायलचं नाव पुकारलं की तोही चारच घ्यायचा, उलट्या दिशेची. पाळ्या लावणारा बड डेपोभर सांगत फिरायचा, “या काझमारेकांना एकमेकांचं तोंड बघायचं नाही. म्हणून तर रोज आठदा बघून खात्री करतात.”

मार्चअखेर नॉर्बर्ट निवृत्त होणार होता. त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं : शेवटच्या दिवशी, शेवटच्या फेरीला, पुलावर हात उचलायचा. आधी उचलला तर लायल बोलायला येणार, बोलणं निघालं की डोलोरेस निघणार. शेवटच्या दिवशी कसं, हात केला आणि घरी गेलं. हिशोब चोख होता. त्यात दुसरा माणूस तेवढा धरायचा राहिला होता.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी पुलावर समोरच्या काचेतून हात आला तो लहानसा, आणि शाळेतल्या पोरीसारखा जोरजोरात हलणारा. कुणाला हात करतोय हे कळायच्या आत नॉर्बर्टचा डावा हात वर गेलाही होता. समोर पा कू व्हांग होती, उन्हाळ्यात नव्यानं लागलेली, लाओसहून आलेल्या मंग लोकांतली मुलगी.

दुपारी डेपोच्या खोलीत त्यानं तिला गाठलं. “लायल कुठंय?”

“तुम्हाला नाही माहीत?” कॉफी ओतता ओतता तिचा हात थांबला. “तुमचेच भाऊ ना ते?”

“विचारलं तेवढं सांग.”

“डोळ्यांच्या तपासणीत बाद झाले. नजरेचा मधलाच भाग चाललाय म्हणे, कडेकडेचं दिसतं. शुक्रवारी बस काढून घेतली. आम्ही केक आणणार होतो, तर नको म्हणाले. डबा उचलला आणि गेले.”

“आणि शेवटची फेरी?”

“झाली की शुक्रवारी. ती शेवटची हे कुणाला माहीत होतं?”

नॉर्बर्टनं शुक्रवार आठवून पाहिला. पुलावर समोरचा हात वर गेला होता. त्या वेळी हा खोकल्याच्या गोळीचा कागद सोडवत होता.

त्यानंतर दोनदा तो रविवारी आपली गाडी काढून लायलच्या गल्लीपर्यंत गेला. अंगणात पानं पडलेली होती, कुणी गोळा केली नव्हती. दोन्ही वेळा गाडी कोपऱ्यावरूनच वळली.

जानेवारीत, एका कडक थंडीच्या सकाळी, दवाखान्याच्या थांब्यावर लायल उभा होता. पांढरी काठी घडी करून कोटाच्या खिशात खुपसलेली. ती बाहेर काढायची लाज वाटत असावी. नॉर्बर्टनं म्हाताऱ्यांसाठी पायरी खाली आणायचा खटका दाबला, बस सुस्कारा टाकून पुढच्या अंगानं खाली वाकली.

“अरे, कशाला? अजून एवढा म्हातारा नाही झालो,” लायल हसत चढला. पास यंत्राला लावताना दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. चाचपडत एल्व्हिराबाईंच्या समोरच्या बाकावर बसला. बाईंनी तोंड उघडलं, आरशातून नॉर्बर्टकडे पाहिलं, आणि बहुधा जन्मात पहिल्यांदाच, न बोलता मिटलं.

“नवीन दिसतोस,” लायल ड्रायव्हरच्या दिशेनं म्हणाला. “म्हणजे मला दिसत नाहीस, पण नवीनच असणार. जुने एवढे गप्प नसतात. मीपण चारच चालवायचो बरं का. समोरून माझा भाऊ असायचा, नॉर्ब. ओळखतोस?”

नॉर्बर्टनं गिअरवरून हात फिरवला.

“ओळखतो तो,” एल्व्हिराबाई म्हणाल्या.

“कोण, एल्व्हिरा? तू आहेस होय! मग एवढा वेळ मुकी का? तब्येत बरी आहे ना?” लायल मोकळेपणानं हसला. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, “आमचं बिनसलं होतं, तुला माहीतच आहे. पण खरं सांगू? गेलं वर्षभर तो हात करायला लागला होता.”

बाई खिडकीबाहेर पाहायला लागल्या.

“अगं, खरंच. मला तेव्हाच लांबचं नीट दिसेनासं झालेलं, त्यात काचेवर ऊन. पण काहीतरी हलायचं आतमध्ये. हातच असणार, दुसरं काय? मी कुणाला बोललो नाही. कानावर गेलं असतं तर बंद केलं असतं त्यानं. हट्टी आहे आमचा नॉर्ब.”

पूल आला. समोरून पा कू आली, तिचा लहानसा हात हलला. नॉर्बर्टनं हात केला नाही. पुढं गिरणी गेली, शाळा गेली. बस इतकी हळू चालली होती की मागच्या बाकावरचे कामगार माना उंचावून पाहायला लागले.

लायलनं बस थांबवायची दोरी ओढली. त्याच्या थांब्यावर बर्फ सारणाऱ्या गाडीनं सगळा बर्फ कडेला लोटून बांध घातला होता, रात्रीत तो काचेसारखा घट्ट झाला होता. गप्प राहून नुसतं दार उघडलं असतं, तर ड्रायव्हर कोण हे न कळता लायल भावाचा तो हात घेऊन घरी गेला असता. पण समोर बांध होता, आणि लायल सरळ त्यावरच पाऊल टाकणार होता.

“समोर बर्फ आहे,” नॉर्बर्ट म्हणाला. “उजवीकडे वळ. बसला धरून चाल, लायल.”

लायलचा पाय पायरीवरच थांबला. त्यानं मान वळवली नाही.

“थँक्यू,” तो म्हणाला. या गावात उतरणारा प्रत्येक जण प्रत्येक ड्रायव्हरला म्हणतो, तेवढंच. आणि उतरला.

“अरे, उतर की!” एल्व्हिराबाई कुजबुजल्या. “जा ना त्याच्यामागं!”

“माणसं बसलेली असताना बस सोडता येत नाही,” नॉर्बर्ट म्हणाला. नियम तसाच होता.

बाहेरच्या आरशात लायलनं उजवा हातमोजा काढला, पंजा बसच्या पत्र्यावर टेकवला आणि चालायला लागला. एक खिडकी, दुसरी खिडकी, मधलं दार. त्या थंडीत उघडा पंजा पत्र्याला चिकटत असणार. तो जरा उचलायचा आणि पुन्हा ठेवायचा.

“ओ, निघायचं का?” मागून कुणीतरी ओरडलं. “चौकात बदलायच्या बस खोळंबल्यात आपल्यासाठी!”

“चार नंबर, कुठं अडकलास?” रेडिओवर बडचा आवाज खरखरला.

मागचं चाकही गेलं. पंजा बसच्या शेवटच्या टोकाशी पोचला. तिथून पुढं लायलच्या घराची वाट मोकळी होती, त्यानं हात काढून निघायचं होतं. त्यानं काढला नाही. पाठमोराच, पत्र्यावर पंजा ठेवून तो उभा राहिला.

नॉर्बर्टनं आरशावरची नजर हलवली नाही, आणि ब्रेकवरचा पायही.