यादीतली पहिली ओळ

महिन्याचा दुसरा बुधवार आला की अनसूयाच्या दाराला संध्याकाळभर कडी लागत नसे. गल्लीला तारीख पाठ होती. गुरुवारी ती साताऱ्याला मिलिटरी कॅन्टीनला जाणार, म्हणजे बुधवारी तिच्या ओट्यावर चिठ्ठ्या येणार. कुणी वहीचं पान फाडून आणायचं, कुणी गोळ्यांच्या खोक्याच्या पाठीवर लिहायचं, आणि ज्यांना लिहायचाच कंटाळा ते तिच्या लेकीच्या, प्रांजलच्या मोबाईलवर बोलून पाठवायचे. शेजारच्या अंबूबाईंनी तर संपलेल्या साबणाचं वेष्टनच सपाट करून दिलं होतं. हाच पाहिजे, दुसऱ्यानं अंग उलतं, असं वर बजावलंही होतं.

अनसूयाचा नवरा नाथाजी फौजेतनं हवालदार होऊन घरी आला आणि चौथ्या वर्षी छातीत कळ येऊन गेला. त्यालाही आता तीन वर्षं झाली. मागं पेन्शन राहिली, कॅन्टीनचं कार्ड राहिलं, आणि कार्डाच्या मागोमाग अख्खी भावकी राहिली. तो होता तेव्हा मोटरसायकलला दोन्ही अंगांनी पिशव्या लटकवून माल आणायचा. अनसूयाला मोटरसायकल येत नव्हती. ती मलकापूरच्या फाट्यावर एसटी धरायची, आणि येताना दोन खांद्यांना दोन पिशव्या अडकवून, पाण्याच्या हंड्यांची कावड असावी तशी डुलत उतरायची.

बाकीचे दिवस काही आरामाचे होते असं नाही. ऊसरोपांच्या नर्सरीत ती कामाला होती. ट्रे भरायचे, त्यात उसाचे डोळे लावायचे, ट्रे उचलून शेडमध्ये नेऊन मांडायचे, आणि हे सगळं सिमेंटच्या कोब्यावर आठ तास उभ्यानं. गुरुवारची रजा ती महिन्यातनं एकदाच घ्यायची आणि ती अशी लोकांच्या साबणावारी जायची.

टाचांचं दुखणं कधी सुरू झालं ते तिलाही सांगता आलं नसतं. सकाळी अंथरुणातनं उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा गेल्यासारखं व्हायचं. भिंत धरत धरत मोरीपर्यंत जायचं, मग जरा सैल पडायचं, आणि दुपारनंतर परत तेच. कराडच्या डॉक्टरांनी टाच दाबून बघितली आणि सांगितलं की सपाट चप्पल बंद करा, जाड मऊ तळव्याचे बूट घाला, नाहीतर पुढं सुया टोचाव्या लागतील. असे बूट कॅन्टीनमध्ये वरच्या मजल्यावर मिळतात, हे अनसूयाला ठाऊक होतं. तेव्हापासनं यादीत शेवटची ओळ ठरलेली: बूट, पाच नंबर. गेले सहा महिने ती ओळ यादीत होती आणि बूट दुकानात.

त्याचं कारण यादीच्या रीतीत होतं. नाथाजी म्हणायचा, यादी म्हणजे हुकूम, वरनं खाली जायचं, मधली ओळ सोडायची नाही. अनसूयानं एकदाच सोडली होती. गर्दी बघून अंबूबाईंचं तेल नंतर घेऊ म्हणाली आणि विसरली. पुढं दोन महिने अंबूबाई भेटेल त्याला आपले कोरडे केस दाखवत हिंडल्या. तेव्हापासनं अनसूया ओळीला चिकटून राहायची. वर भाऊसो, म्हणजे थोरले चुलत दीर, त्यांच्या खाली भावकी, मग शेजारपाजार, मग घरचं, आणि सगळ्यांच्या तळाला बूट. त्या तळाला पोचेपर्यंत दीड वाजायचा आणि वरचा मजला बंद व्हायचा.

या बुधवारीही प्रांजल चिठ्ठ्यांचा ढीग पुढ्यात घेऊन बसली. दहावीतली पोरगी, अक्षर मोत्यासारखं. उतरवून काढता काढता ती म्हणाली, बूट वर घेऊ का? अनसूया भिंतीला पाठ टेकून पाय लांब करून बसली होती. टाचांखाली तिनं गोधडीची घडी घेतली होती.

"लोकांचं आधी लिव," ती म्हणाली. "आपलं काय, घरातलंच हाय."

"घरातलंच हाय म्हणून सा महिनं चाललंय," प्रांजल म्हणाली.

प्रांजलनं मान वर करून बघितलं तर आई बसल्या बसल्या झोपली होती. तोंड किंचित उघडं, हातात भाऊसोंची चिठ्ठी तशीच. भाऊसोंना धुण्याच्या पावडरीची दोन मोठी पाकिटं हवी होती. त्यांच्या घरात माणसं तीन, त्यातले एक स्वतः भाऊसो, आणि ते कपडे बदलायच्या भानगडीत फारसे पडत नसत. एवढी पावडर जाते कुठं, हे गल्लीला न सुटलेलं कोडं होतं. प्रांजलनं आईच्या बोटांतनं चिठ्ठी हळूच ओढून घेतली.

यादीच्या माथ्यावर तिनं श्री काढला. श्रीच्या खालची पहिली ओळ या घरात आता रिकामी असायची. तिच्या आजीच्या काळापासनं कुठल्याही बाजाराची यादी हळदकुंकवानं सुरू व्हायची. नाथाजी कॅन्टीनच्या यादीतही ते लिहायचा. तिथं हळदकुंकू मिळत नाही, तरी लिहायचा, आणि कॅन्टीनच्या दारात पोचला की पेन काढून पहिली त्याच्यावर काट मारायचा. एक काम झालं, म्हणायचा. तो गेल्यावर पहिल्या यादीला प्रांजलनं विचारलं, हळदकुंकू लिहू? अनसूया म्हणाली, जागा तेवढी सोड. तेव्हापासनं जागा सुटायची. आणि अनसूयाही दारात थांबून त्या कोऱ्या ओळीवर काट मारून मगच आत जायची. नवऱ्याची सवय पेनातनं तिच्या हातात उतरली होती.

सकाळी सहाच्या गाडीला गर्दी होती, पण खिडकी मिळाली. यादी घडी घालून ब्लाऊजमध्ये, पिशव्या मांडीवर. उंब्रज कधी गेलं तिला कळलं नाही. साताऱ्याच्या स्टँडवर कंडक्टरनं दांड्यावर तिकिटाचं पंच वाजवलं तेव्हा ती जागी झाली आणि उठून उभी राहिली, तर टाचा जागच्या जागी ओरडल्या. थांबलेल्या गाडीत दोन माणसांना तिनं आधी उतरू दिलं.

कॅन्टीनपुढं रांग होतीच. आजोबा, म्हाताऱ्या, लेकरं कडेवर घेतलेल्या सुना, सगळ्यांच्या हातात याद्या. उन्हात दीड तास गेला. अनसूया कधी डाव्या पायावर भार द्यायची, कधी उजव्या. दारात पोचल्यावर तिनं सवयीनं यादी उघडली, पेन काढलं, डोळ्यांनी न बघताच श्रीच्या खाली टोक टेकवलं, आणि काट मारायला लागली तर खाली अक्षरं होती.

आईचे बूट, पाच नंबर.

तिनं डोळे बारीक करून परत वाचलं. पेन पहिल्या अक्षराला लागून थांबलं होतं. यादी खालपर्यंत बघितली. मधे सगळी गल्ली जागच्या जागी होती. फक्त भाऊसो, जे नेहमी माथ्यावर असायचे, ते अगदी तळाला जाऊन बसले होते.

काट मारायला काय लागत होतं. एक रेघ ओढायची, डावीकडं वळायचं, किराण्याच्या रांगेत लागायचं. जिना उजवीकडं होता, वीस पायऱ्यांचा. मागची बाई म्हणाली, मावशी, चला की पुढं. अनसूया पुढं झाली. पेन तिनं टोपण लावून ठेवून दिलं आणि कठडा धरून एकेक पायरी चढायला लागली. हुकूम म्हणजे हुकूम, आणि हुकूम वरनं खाली.

वर गर्दी नव्हती. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, मुलासाठी का मुलीसाठी? गेली तीन वर्षं या इमारतीत तिनं जे जे मागितलं ते कुणाच्या ना कुणाच्या नावानं मागितलं होतं.

"मलाच," ती म्हणाली. "पाच नंबर. मऊ बघून द्या. टाचा दुखत्यात."

पाच नंबरात एकच जोड उरला होता, करडा, कडेला गुलाबी पट्टा. तिनं स्टुलावर बसून घालून बघितला. लेस बांधायला वाकली तर कंबर कुरकुरली. मग उभी राहिली. फार काही झालं नाही. दुखणं थांबलं असंही नाही. पण जमीन एक बोटभर लांब गेली, आणि खालनं टोचणारं जे होतं ते जाड गादीच्या पलीकडनं बोलायला लागलं. बूट खोक्यात घालून न्यावे असं तिच्या मनात होतं, साडीवर कसं दिसेल म्हणून. चप्पल घालायला तिनं पाय पुढं केला आणि परत मागं घेतला. चपला खोक्यात गेल्या.

खाली उतरून ती किराण्याच्या रांगेत लागली तेव्हा रांग दाराबाहेर गेली होती. तेल, चहा, अंबूबाईंचा साबण वेष्टन दाखवून. एकेक ओळ घ्यायची, एकेक काट मारायची. घड्याळाकडं तिनं दोनदा बघितलं. भाऊसोंच्या ओळीवर आली आणि काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं की आजचं झालं, आता पुढच्या वेळी. तळाची ओळ तशी उघडीच राहिली. सहा महिने ती ज्या ओळीवर मागं फिरत होती, तीच ओळ. फक्त आज तिथं दुसरं नाव होतं.

संध्याकाळी भाऊसो सगळ्यांच्या आधी ओट्यावर हजर. पिशवी त्यांनी वरनं चाचपली, आतनं चाचपली, मग त्यांची नजर उंबऱ्यावर बसलेल्या अनसूयाच्या पायांवर गेली.

"काय गं, पळाया-बिळाया जानार हायीस का आता?"

अंबूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. अनसूयानंही हसून घेतलं. दिवसभरात हसायला तेवढंच होतं.

"माजी पावडर कुटं हाय?" भाऊसोंनी विचारलं.

आतनं प्रांजल दारापर्यंत आली. आई आता म्हणेल की संपली होती, दुकानात नव्हती, आणि वर माफी मागेल, हे तिला पाठ होतं. एरवी तसंच झालं असतं. अनसूयानं पिशव्यांची तोंडं बांधली, दाराच्या चौकटीला पाठ टेकली.

"ऱ्हायली भावजी. यादीत शेवटाला हुती."

"शेवटाला? माजं नाव कवापासनं शेवटाला?"

"आजपासनं," अनसूया म्हणाली. आवाज चढला नव्हता, चढवायची ताकदच नव्हती. "पुढच्या खेपंला तुमी या माज्यासंगं. एक पिशवी तुमी धरा, मग वर घेऊ नाव."

भाऊसो काही तरी पुटपुटले. फौजेच्या शिस्तीबद्दल होतं ते, आणि नाथाजी असता तर काय झालं असतं त्याबद्दल. अंबूबाईंनी आपला साबण वास घेऊन बघितला, हाच म्हणाल्या, आणि उठून गेल्या. भाऊसोही गेले. जाताना, पाठ असूनही, त्यांनी पुढच्या महिन्यातल्या गुरुवारची तारीख विचारली.

प्रांजलनं आईच्या पायाशी बसून लेस सोडायला हात घातला. अनसूयानं पाय तसाच ठेवला.

"पुढच्या यादीला पहिली ओळ काय लिहू?" प्रांजलनं विचारलं.

"भाऊसोंची पावडर दुसऱ्या ओळीला घे," अनसूया म्हणाली. तिचे डोळे मिटले होते. "पैली सोड. मला काय पायजे ते सांगते इचार करून."