ताकात चुरलेला मक्याचा ब्रेड

विमा कंपनीने पाठवलेल्या यादीत चौदा नावं होती. दातांना तारा लावणारे चौदा डॉक्टर, सगळे आमच्या कार्डावर काम करणारे. मी म्हटलं, वा रे वा, चौदा म्हणजे चंगळच झाली की!

पहिला फोन लावला तो टायरच्या दुकानात लागला. दुसऱ्या नंबरवरची बाई म्हणाली, डॉक्टर वारले, चार वर्षं झाली. तिसरा तारा लावतच नव्हता, नुसते दात साफ करायचा. चौथा, पाचवा, सहावा, सगळ्यांचं एकच. "कार्ड कुठलं म्हणालात?" असं गोड आवाजात विचारायचं, आणि सरकारी विम्याचं नाव काढलं की आवाजातला गोडवा गायब. "ते आम्ही आता घेत नाही हो." कार्डाशिवाय तारा लावायच्या म्हणजे माझा ट्रक विकला तरी भागलं नसतं. नवव्या ठिकाणी मला बावीस मिनिटं बाजा ऐकवला आणि मग फोनच कापला. मी रिसीव्हर असा आपटला की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

"जाऊ द्या ना, पॅपॉ," डार्सी म्हणाली. तोंडावर हात ठेवून. ती बोलते तेव्हा हात तोंडावर असतोच.

"जाऊ द्या काय जाऊ द्या! यादी त्यांनी पाठवलीय, मी नाही मागितली. आता चौदाच्या चौदा जणांच्या मागे लागतो की नाही बघ."

डार्सी माझी नात; आजोबाला ती पॅपॉ म्हणते. तेरा वर्षांची. तिची आई, म्हणजे माझी लेक, इंडियानात एका गोदामात कामाला आहे, थँक्सगिव्हिंगच्या सणाला येते आणि जाताना रडते. पोर माझ्याकडेच वाढली. तिचे वरचे दात पुढे येऊन इतके खाली उतरलेत की तोंड मिटलं की खालचे दिसतच नाहीत. सहावीत कुण्या कार्ट्याने तिला 'बीव्हर', म्हणजे मोठ्या पुढच्या दातांचा पाणउंदीर, असं नाव ठेवलं आणि शाळेच्या अख्ख्या बसने ते उचललं. तेव्हापासून पोरीने हसणं टाकलं. मला दुसरं काही नको होतं. मी मरायच्या आधी या पोरीने मला एकदा तोंड उघडून हसून दाखवावं, बस्स.

चौदावं नाव होतं डॉ. प्रूइट, अडीच तासांवरच्या शहरात. फोनवरची बाई म्हणाली, "कार्ड घेतो आम्ही. पण या महिन्याअखेरपर्यंतच. पुढच्या महिन्यापासून या कार्डावर नवीन मूल घेणार नाही. आणि तोवरच्या सगळ्या वेळा भरल्यात."

मी यादी उलटून पाहिली. पंधरावं नाव यादीत नव्हतं.

"आजोबा? आहात का? थांबा जरा. उद्या सकाळी नऊचं एकाने आत्ताच रद्द केलंय. याल? दहा मिनिटांपेक्षा उशीर झाला तर नाव काढावं लागेल हां, आधीच सांगते."

"आठला दारात असतो," मी म्हटलं.

रात्री जेवायला नेहमीचंच. उकडलेल्या घेवड्याची आमटी आणि मक्याचा ब्रेड. मी पेल्यात ताक ओततो, त्यात ब्रेड चुरतो आणि चमच्याने खातो. कवळी असलेल्या माणसाला दुसरं काय जमतं? गंमत म्हणजे डार्सीही गेलं दीडेक वर्ष तसंच खायला लागली होती. पेला, ताक, चुरा, चमचा. शेजारीपाजारी म्हणायचे, "एल्डन, पोर अगदी तुझ्या वळणावर गेलीय रे." माझी छाती फुगायची. आजकालची पोरं पिझ्झा मागतात, माझी नात माझ्यासारखा काला करून खाते, याचा मला कोण अभिमान!

"उद्या तिथे रडगाणं गायचं नाही," मी तिला सांगितलं. "विचारतील त्याचं सरळ उत्तर द्यायचं. आपल्या कॉडिल घरातले लोक कुरकुरत नाहीत. मी तुला सांगितलंय ना..."

"पक्कड घेऊन स्वतःची दाढ उपटली आणि तसेच कोळशाच्या ट्रकवर गेलात," डार्सीने वाक्य पुरं केलं. शंभरदा ऐकलेलं तिने.

"तोंडातून ब्र काढला नाही."

"हो, पॅपॉ."

साडेपाचला निघालो. डोंगरात धुकं इतकं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. धुकं विरलं तर लाकडांचा ट्रक आडवा आला, अकरा मैल त्याच्या मागे रांगत गेलो. एका वळणावर मी करकचून ब्रेक मारला, तर डार्सीच्या मांडीवरची ताकाची बरणी उलटली आणि तिचा नाश्ता माझ्या ट्रकमध्ये पायापाशी सांडला. पुढे पुलावर लाल झेंडी घेऊन एक बुवा उभा. घड्याळात आठ चाळीस. मी काच खाली करून ओरडलो, "अरे बाबा, पोरीला डॉक्टरकडे न्यायचंय!" तो म्हणाला, "मलाही घरी जायचंय, आजोबा." असा राग आला! डार्सी डोळे मिटून बसली होती, ओठ घट्ट आवळून.

नऊ वाजून आठ मिनिटांनी आम्ही दवाखान्याच्या दारातून आत शिरलो. मला धाप लागलेली. बसायला जागा नाही इतकी पोरं आणि त्यांच्या आया. महिना संपत आला होता, ज्याला त्याला घाई.

डॉक्टर लगेच भेटणार नव्हत्या. आधी रोंडा नावाची मदतनीस तोंड तपासून दात किती वाकडे त्याचे गुण देते, असं काउंटरवरच्या बाईने सांगितलं. पंचवीस भरले तर विमा तारांना हो म्हणतो, नाही तर नाही. रोंडाने एक छोटी पट्टी घेतली, डार्सीला खुर्चीत बसवलं आणि आकडे पुटपुटत कागदावर लिहू लागली. मी भिंतीला टेकून बोटांवर मोजत होतो. सहा. अकरा. पंधरा. वीस. मग ती हळू झाली. बावीस. पट्टी फिरवून परत मोजलं. बावीसच.

"आता थोडे प्रश्न," रोंडा म्हणाली. "चावताना त्रास होतो, बाळा?"

"नाही, मॅडम."

"खालचे दात वर टोचतात कुठे? दुखतं?"

डार्सीने माझ्याकडे पाहिलं. "नाही, मॅडम."

"मान मागे टाक बरं, आरसा घालून टाळू बघू."

"मला ओकारी येते," डार्सी म्हणाली आणि तोंड मिटून घेतलं.

बाहेर पोरांचा गोंगाट चाललेला. रोंडाने घड्याळाकडे पाहिलं आणि आरसा खाली ठेवला. "असू दे. दुखत नाही ना, मग राहू दे." ती माझ्याकडे वळली. "बावीस झाले, मिस्टर कॉडिल. तीन कमी पडतात. सॉरी."

"तीन?" माझा आवाज चढला. "साडेतीन तास धुक्यातून आलोय मी बाई. तीन गुणांनी अडलंय होय? आणखी काही मोजायचं राहिलं असेल, बघा ना!"

"जे आहे तेच मोजते मी. टाळूला जखम बिखम असती तर गुण मोजायचीही गरज नव्हती, सरळ मंजूर होतं. पण ती नाही म्हणतेय."

"नाही म्हणाली म्हणजे नाही," मी ताठ होऊन म्हटलं. "आमच्या घरातली पोर खोटं बोलत नाही."

हे मी म्हटलं. माझ्या या तोंडाने.

बाहेर येऊन ट्रकमध्ये बसलो. संताप असा की चावी भोकात जाईना. विम्यावर, त्या यादीवर, पट्टीवर, पुलावरच्या त्या झेंडीवाल्यावर. मग आठवलं, पोरीने सकाळपासून काही खाल्लं नाही. समोरच्या पेट्रोल पंपावरून गरम चिकन बिस्किट आणलं, म्हणजे जाड पावात तळलेलं चिकन. तिच्या हातात दिलं.

ती त्याचे चिमणीच्या घासाएवढे तुकडे करायला लागली. एकेक तुकडा गालात ठेवायचा, चघळायचा, गिळायचा.

"काय चिवडतेस गं?" मी खेकसलो. सगळा राग तिच्यावर निघाला. "तेरा वर्षांची घोडी झालीस. धड घास घे की!"

तिने माझ्याकडे बघितलं, पाव उचलला आणि चावला. एकच घास. डोळ्यांतून टचकन पाणी आलं, पण आवाज नाही. पाव खाली घेतला तर पांढऱ्या भागावर रक्त.

"तोंड उघड," मी म्हटलं.

"काही नाही झालं, पॅपॉ."

"डार्से, तोंड उघड म्हणतो ना!"

उघडलं. मी तिची हनुवटी धरून उजेडाकडे केली. वरच्या दातांमागे टाळूला दोन खड्डे. लालभडक. खालचे दोन दात बरोब्बर तिथेच रुतत होते. तोंड मिटलं की रुतायचे. प्रत्येक घासाला रुतायचे.

"कधीपासून?"

"सहावीपासून."

दीड वर्ष. पेला, ताक, चुरा, चमचा. मेल्या म्हाताऱ्या, तुला वाटत होतं पोर तुझ्या वळणावर गेलीय!

"आणि तू त्या बाईला नाही म्हणालीस? कशाला?"

"तुम्हीच म्हणालात, रडगाणं गायचं नाही." ती बाहीने तोंड पुसत होती. "तुम्ही पक्कड घेऊन दाढ काढलीत. माझं तर नुसतं टोचतं."

मी तो पाव हातात घेतला, तिचा दंड धरला आणि परत आत गेलो. रोंडा पुढच्या पोराला बोलवत होती. मी मध्ये आलो. "कागद पाठवला का? पाठवू नका. हे बघा." आणि रक्ताचा पाव टेबलावर ठेवला. आयांनी पोरांना जवळ ओढलं. माझा आवाज जरा मोठाच झाला असणार, कारण आतून डॉ. प्रूइट स्वतः बाहेर आल्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, चेहरा थकलेला.

त्यांनी ऐकून घेतलं. कागद पाहिला. मग म्हणाल्या, "जखम असेल तर मला दिसेलच, ती मी लिहीन. पण दुखत नाही असं तिने स्वतः सांगितलंय आणि ते इथे नोंदलं गेलंय. दोन गोष्टी जुळल्या नाहीत तर विमावाले कागद परत फिरवतात, आणि परत पाठवायला आता दिवस उरले नाहीत. त्रास काय होतो ते मला तिच्या तोंडून ऐकू दे. तुम्ही नाही सांगायचं." त्या डार्सीसमोर वाकल्या. "बाळा, दुखतं का तुला?"

डार्सीने माझ्याकडे पाहिलं.

"बोल पोरी," मी म्हटलं.

ती बोलेना. ओठ आवळलेले. तेरा वर्षं मीच आवळायला शिकवलेले. आता एका शब्दात सुटतात होय? सगळा हॉल आमच्याकडे बघत होता. रोंडाच्या हातात पेन तसंच धरलेलं.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी तोंडात बोटं घातली आणि कवळी काढली, वरची आणि खालची, सगळ्यांदेखत. आजवर डार्सीसमोरही कधी काढली नव्हती. गाल आत गेले, जीभ अडखळायला लागली.

"डार्से, हे दुखतं गं," मी म्हटलं. "वीस वर्षं दुखतंय. रोज. हिरड्या सोलून निघतात. आणि ती दाढ... ती उपटली तेव्हा मी ट्रकमध्ये बसून रडलो होतो. लहान पोरासारखा. मग डोळे पुसले आणि कामावर गेलो. ते मी तुला कधी सांगितलं नाही. चुकलो मी."

एका आईने मान वळवली. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू? पण डार्सी माझ्या त्या बोळक्या तोंडाकडे बघत होती.

"दुखतं," ती म्हणाली. हळूच. मग डॉक्टरांकडे वळली, हात तोंडावरून खाली घेतला. "दुखतं, मॅडम. खाताना दुखतं. झोपेत तोंड मिटलं की दुखतं. मी उशीचा कोपरा दातांत धरून झोपते."

डॉ. प्रूइट यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, तिला आत नेलं, मान मागे करायला सांगितली. ओकारी बिकारी काही आली नाही. आरसा घालून बराच वेळ पाहिलं, फोटो काढले, मग रोंडाकडून कागद घेऊन गुणांच्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि खाली जखमेच्या चौकटीत खूण केली.

"हे आत्ता जाईल," त्या म्हणाल्या. "या फोटोंना कुणी नाही म्हणणार नाही. तारा मी लावणार आहे." आणि मला म्हणाल्या, "मिस्टर कॉडिल, ती कवळीही कुणाला तरी दाखवा."

परतीच्या रस्त्यावर पुलावर तोच झेंडीवाला. थांबलो. डार्सी खिडकीबाहेर बघत होती.

"पॅपॉ," ती म्हणाली, "तुम्ही वळणावर फार जोरात ब्रेक मारता. मला मळमळतं."

"बरं."

"आणि ही सीट टोचते. स्प्रिंग वर आलीय."

"बरं."

"आणि मला ताकातला मक्याचा ब्रेड आवडत नाही. लगदा होतो त्याचा. मला कधीच नाही आवडला."

झेंडी हिरवी झाली. मागच्याने हॉर्न वाजवला, तरी मी गाडी काढली नाही.

"आणखी काय काय आवडत नाही?" मी विचारलं. "सांग. सगळं सांग."

पुलापासून घराच्या फाटकापर्यंत ती सांगत होती.