ट्रकच्या आरशाने पाहिलेलं भाषण

कट्. अडकित्त्यात सुपारी फुटली आणि ओसरीवरची शांतता मोडली.

ती शांतता रिकामी नव्हती, मित्रांनो. तिच्यात एक शब्द होता. तिसरीतली सुरभी माझ्यासमोर उभी राहून आजीला काही सांगत होती आणि 'ब'वर अडली होती. ओठ घट्ट मिटलेले, मानेची शीर ताणलेली. शब्द येतच होता. पण सुपारी फुटली आणि तुळसाबाई म्हणाल्या, "बकरी? काय झालं बकरीले? सुटली काय वं?"

सुरभीला 'बाबांचा फोन आला' एवढंच म्हणायचं होतं. तिने मान खाली घातली आणि आत निघून गेली. तुळसाबाई लगबगीने मागच्या अंगणात गेल्या. बकरी खुंट्याला बांधलेली होती, निवांत रवंथ करत.

मी एक जुना आरसा आहे. घरात लावायचा नव्हे, ट्रकचा. माझी काच कुठल्या कारखान्यात ओतली गेली ते मला ठाऊक नाही. स्वतःचा जन्म कुणाला आठवतो? मला आठवतो तो वणीचा कोळसा. सुरभीचे बाबा, राजदीप, ज्या ट्रकवर होते त्याच्या डाव्या अंगाला मी होतो. गाडीचा आरसा जरा फुगीर असतो. त्यामुळे माझ्यात माणसं लहान दिसतात, पण रस्ता अख्खा मावतो.

फुलचंद नावाचा क्लीनर माझ्या शेजारी दारात उभा राहायचा. इंजिनाच्या आणि खाणीच्या आवाजात शब्द कसला ऐकू येतोय? तो हाताच्या तळव्याने पत्र्यावर थाप मारायचा. एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे जाऊ दे. लागोपाठ पडल्या तर ज्याच्या त्याच्या नशिबाने वाचा. दोघांचं सारं बोलणं त्या पत्र्यावर चालायचं आणि एकही थाप वाया जायची नाही, कारण राजदीप कान देऊन वाट पाहायचा. बोलणं काय असतं ते मी तिथे शिकलो. एकाने पाठवायचं आणि दुसऱ्याने ते पोचेपर्यंत थांबायचं.

त्या काळी माझा थाट होता. रोज सकाळी ओल्या कागदाने मला पुसलं जाई. पुढे एकदा मागून येणाऱ्या गाडीने माझा कोपरा तडकवला आणि माझ्या जागी नवा आरसा आला. मी गॅरेजात तेलकट फडक्याखाली पडून राहिलो, किती दिवस कोण जाणे. राजदीपनेच मला उचलून वणीला, आपल्या वस्तीतल्या घरी आणलं आणि ओसरीच्या खांबाला तारेने आवळलं. समोर चौक आहे, चौकात विहार आहे, आणि हे सगळं माझ्यात मावतं. सुरभीचे आजोबा बाबाराव माझ्यात पाहून दाढी करतात आणि रोज म्हणतात, "ह्या आरशात मी कसा बारीक दिसतो, नाही वं?" तुळसाबाईंचं उत्तरही रोजचंच: "आरसा फुटका हाये म्हनून."

मित्रांनो, बोलणाऱ्या माणसाचं तोंड माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल. तुम्ही शब्द ऐकता, मी तो आधी पाहतो. सुरभी स्वतःचं नाव घेणार असते तेव्हा 'स'चा आवाज निघण्याआधीच तिच्या ओठांचा चंबू झालेला असतो, पुढच्या 'उ'साठी. म्हणजे शब्द तिच्याकडे नसतो असं नाही. अख्खा शब्द तयार होऊन दाराशी उभा असतो. मात्र श्वास, गळा, जीभ आणि ओठ यांनी एकाच वेळी जोर लावावा लागतो, चौघांनी बाज उचलावी तसा. एकाचा हात मागेपुढे झाला की बाज तिथेच थांबते. बाज थांबली म्हणून तिच्यावर कुणी नाही, असं कसं म्हणाल?

आणि अडखळत कोण नाही? बाबाराव नातीला हाक मारताना आधी "राजदीप" म्हणतात, मग बकरीचं नाव घेतात, मग सुरभीवर येतात. तुळसाबाईंचं निम्मं बोलणं "ते हे आन वं, त्याच्यातलं ते" असं असतं. त्यांना कुणी वैद्याकडे नेत नाही.

सुरभीला मात्र नेलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी जीभ पाहिली, टाळू पाहिला, सगळं ठीक म्हणाले. मग घरच्यांनी घरचे उपाय केले. जीभ सुटावी म्हणून पोपटाने टोचलेला पेरू शोधून शोधून आणला आणि तिला खाऊ घातला. पेरू गोड होता, असं ती म्हणाली. तेही अडतच म्हणाली.

खरा घोटाळा वेगळाच होता. रोज संध्याकाळी विहारात वंदना होते. सगळी मुलं एका सुरात त्रिशरण म्हणतात आणि त्यात सुरभीचा आवाज खणखणीत. कुठेही अडत नाही. पाली भाषेतले मोठमोठे शब्द ती सरसर म्हणून जाते. त्यामुळे सगळ्या वस्तीने निकाल देऊन टाकला होता.

"वंदना म्हनतानी पोरगी नदीवानी वाह्यते," तुळसाबाई म्हणायच्या, "अन् घरी आली का अडते. मंग हे नखरे नाही तं काय हाये?"

नखरे नव्हते ते. सगळ्यांच्या सुरात शब्दाची बाज वीस जण उचलतात. तिथे शब्द आधीच ठरलेले असतात, चालही ठरलेली असते. एकटीने बोलायचं म्हणजे शब्द आपणच शोधायचा, आपणच उचलायचा, आणि समोर कुणीतरी सुपारी कातरत बसलेलं. सुरभी त्यातूनही वाटा काढायची. 'पाणी' अडलं तर "तहान लागली" म्हणायची. 'बस' अडली तर "लाल गाडी". पण नावाला दुसरं नाव नसतं. म्हणून ती कुणाला आपलं नावच सांगत नसे.

अशा मुलीने एप्रिल लागताच आईला सांगितलं की जयंतीला मी भाषण देणार. दर चौदा एप्रिलला चौकात मांडव पडतो आणि वस्तीतली मुलं एकेक करून माइकसमोर उभी राहतात. इथल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिथे पहिल्यांदा बोललेलं आहे. सुरभीला अजून कुणी बोलावलं नव्हतं.

मंडळाचा रजत ओसरीवर आला. मुलगा चांगला आहे, धावपळ करणारा. बोलता बोलता माझ्यात पाहून त्याने केस सारखे केले.

"वहिनी, तिले आपण संविधानाच्या उद्देशिकेत घेऊ. सगळ्या पोराइसंगं म्हनन, मस्त म्हनन. एकटीचं भाषण राहू द्या."

"काहून?" रुपाली, सुरभीची आई, कणीक मळता मळता थांबली.

"लोकं हसतीन. लेकराच्या मनाले लागन. मी तिच्याच भल्यासाठी सांगून राह्यलो."

"नाही तं गानं म्हनू दे," तुळसाबाई म्हणाल्या. "गान्यात नाही अडत ते."

दाराआडून आवाज आला. "गा... गाणं नाही. भ... भाषण."

रुपालीने हाताची कणीक झटकली. ती मोठ्याने बोलणारी बाई नाही.

"भाऊजी, ज्यानं आपल्याले तोंड वर करून बोलाले शिकवलं, त्याच्याच जयंतीले माही पोरगी चूप बसन काय? हसतीन तं हसू द्या. तुमी फक्त तिचं नाव पुकारा."

रजतने केस पुन्हा सारखे केले. "पुकारतो," म्हणाला.

मग तयारी सुरू झाली. रुपालीला वेळ कुठे असतो? पहाटे नळाला पाणी येण्याआधी थोडा, भाकरी झाल्यावर थोडा. दोघी माझ्यासमोर उभ्या राहायच्या. माझ्यात दोघींचे चेहरे शेजारी शेजारी, लहानसे. सुरभी अडली की रुपालीच्याही ओठांवर तो शब्द यायचा, अगदी पुढे यायचा, आणि ती तो गिळायची. पहिल्या दिवसांत दोनतीनदा तिच्या तोंडून निसटलाच. सुरभी लगेच म्हणायची, "मा... माझा आहे तो." नंतर रुपाली पदराचं टोक दातांत धरून उभी राहू लागली. इतकं प्रेमाने गप्प बसलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

चौदा एप्रिल उजाडला. चौकात निळे झेंडे, पांढरी लुगडी, खिरीचा वास. राजदीप चंद्रपूरच्या रस्त्यावर गाडी घेऊन गेला होता. संध्याकाळी उन्हं कलल्यावर भाषणं सुरू झाली आणि रजतने दिलेला शब्द पाळला. नाव पुकारलं.

सुरभी माइकसमोर उभी राहिली. माझ्यात ती बोटाच्या पेरापेक्षा मोठी नव्हती.

"जयभीम. माझं नाव..." आणि बाज थांबली.

भोंगा नुसता गुंगुं करत राहिला. ओठांचा चंबू झालेला असणार. इतक्या लांबून मला दिसत नव्हता. बायकांतून कुणीतरी म्हणालं, "सुरभी म्हन, माय, सुरभी." दुसरी म्हणाली, "सुरभी." मग सगळा चौकच तिला तिचं नाव सांगू लागला.

"था... थांबा," भोंग्यातून आवाज आला. "मी सांगते."

चौक गप्प झाला. ती पुन्हा सुरुवातीला गेली. जयभीम. माझं नाव. आणि मग "स"वर लांबच लांब ओढ घेऊन "सुरभी". रजतला वाटलं, झालं बिचारीचं. त्याने टाळ्या सुरू केल्या आणि सगळ्यांनी सुटका झाल्यासारख्या टाळ्या पिटल्या. ती उतरली नाही. टाळ्या संपेपर्यंत उभी राहिली आणि म्हणाली, "अजून आहे."

होतं ते एवढंच: "माझ्या आजीला सही येत नव्हती. मी शिकवली. आता ती बँकेत अंगठा देत नाही. मी बोलताना थांबते. तुम्ही पण थांबा." वाचायला तुम्हाला लागला तितका वेळ तिला लागला नाही. खूप जास्त लागला. खीर थंड झाली. पण प्रत्येक शब्द तिने स्वतः उचलून आणला आणि चौकाच्या मधोमध ठेवला. एकही दुसऱ्याकडून घेतला नाही.

मित्रांनो, मी तडकलेला आहे. तरी माझ्यात अख्खा चौक दिसतो. मला रोज पुसा अशी विनंती मी करणार नाही; धूळ बसली तर बसू दे. मात्र कुणी बोलता बोलता थांबला तर त्याच्या तोंडातला शब्द काढून घेऊ नका. कीव करून तर मुळीच नका. अडत बोलणं हेही बोलणंच आहे. ते ऐकायला ज्याला वेळ नाही त्याने आपल्या कानांचा इलाज करावा. पोपटाचा पेरू त्याने खावा.

कार्यक्रम संपल्यावर मायलेकी ओसरीवर आल्या. तुळसाबाई सगळ्यांना "माही नात" म्हणून सांगत मागेच राहिल्या होत्या. रुपालीने लेकीचा चेहरा धुतला, पदराने टिपला, माझ्यात पाहून तिचे केस विंचरू लागली. सुरभी माझ्यातून आईकडे पाहत होती.

"आई, मी बोलून राह्यली होती तवा सगळे खा... खाली पाहत होते."

"हो?"

"आजी पण. रजतकाका पण." ती थांबली. या वेळी कुठलाच शब्द अडला नव्हता. "आई, तू कायले खाली पाहत होती?"

रुपालीच्या हातातली फणी केसांत तशीच राहिली.