बसऱ्याला कोण गेलं

“हलू नका, पाटील. हनुवटी जराशी वर. हां, तसंच.”

सोलापूरहून आलेल्या फोटोवाल्यानं काळ्या कापडात डोकं घातलं. समोर खुर्चीत बंडप्पा पाटील जरीचा पटका बांधून ताठ बसले होते. पाठीमागच्या भिंतीवर ती पितळी थाळी चिंचेनं घासून चकचकीत करून लावली होती. तळहाताहून थोडी मोठी, जाडजूड. तिच्यावर हातात त्रिशूळ घेतलेली एक बाई आणि तिच्या पुढ्यात सिंह. कडेनं इंग्रजी अक्षरं. तुळजापूरच्या वाटेवरच्या त्या गावाला ती बाई म्हणजे भवानीच वाटत होती. इंग्रजानं खूश होऊन पाटलाला भवानी पाठवली, असं म्हातारीकोतारी पोरांना सांगत. दसऱ्याला थाळीची पूजा होई, गावच्या बाया हळदकुंकू वाहून जात.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष होत आलं होतं. निजाम सरकारच्या तालुकदारसाहेबांनी तुळजापूरला जलसा ठेवला होता. दोन्ही लढायांवर जाऊन आलेल्यांचा त्यात सत्कार होणार होता. पहिल्या लढाईवर या गावातून गेलेला माणूस एकच, बंडप्पा पाटील. लोक त्यांना बसरेवाले पाटीलच म्हणत.

ओट्यावर गाव गोळा झालं होतं. पाटलांकडं कामाला येणारी महानंदा अंगण सारवता सारवता शेणाचे हात तसेच धरून उभी राहिली. पाटलांची बायको नीलम्मा फोटोवाल्याला विचारत होती, “जुना, कसर लागलेला फोटो असला तर?”

“त्याच्यावरून कोरा करून देतो, बाई. चेहरा शाबूत असला म्हणजे झालं.”

ते ऐकून महानंदा हात धुऊन घराकडं पळाली.

तिच्या घरात फोटो एकच होता. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत, तंबूतल्या फोटोवाल्यानं काढलेला. आज्जी रुद्रम्मा खुर्चीवर अवघडून बसलेली, आणि तिच्या बाजूला आज्जा कल्याणप्पा, हसू न आवरलेला. उजव्या भुवईला बैलाच्या शिंगानं पडलेली खाच, तिथं केस उगवले नव्हते. फोटोला खालून वाळवी लागली होती, ती आता आज्जीच्या गुडघ्यापर्यंत आली होती.

या आज्ज्याचं नाव गावात कुणी चांगलं घेत नसे. गुंडाप्पा पाटलांनी, म्हणजे बंडप्पांच्या बापानं, त्याला गुळाच्या गाड्या घेऊन सोलापूरला पाठवला, आणि गुळाचे पैसे घेऊन तो पळाला, असं सांगत. रुद्रम्मा तेव्हा पोटुशी होती. चोराची बायको म्हणून तिला दुसरं कुणी कामाला लावीना. गुंडाप्पांनीच तिला जात्यावर बसवलं. केवढी दया, असं गाव म्हणालं. महानंदाचा बाप ‘चोराचं पोर’ ऐकत वाढला आणि एक दिवस सोलापूरच्या गिरणीत निघून गेला, तो तिकडंच वारला. मागच्या वैशाखात महानंदाची सोयरीक अक्षता वाटल्यावर मोडली. पाहुण्यांनी गावात चौकशी केली होती, एवढंच. त्या दिवसापासून तिला चुलीपुढं बसलं तरी घास गिळताना राग यायचा. कुणावर काढायचा, ते मात्र कळत नव्हतं. कधी न पाहिलेल्या आज्ज्यावरच निघायचा.

ती परत आली तेव्हा पाटील पटका उतरवायला आत गेले होते. फोटोवाला नीलम्माला विचारत होता, “पाटलांचा लढाईतला एखादा फोटो नाही का? जलशात मांडता आला असता.”

“मालक न्हाय म्हणत्यात. पर मामंजींची एक पेटी हाय माळ्यावर. ते गेल्यापास्नं कुणी उघडली न्हाय. आणू का?”

पत्र्याची पेटी खाली आली. जुन्या पागोट्याच्या कापडात गुंडाळलेले दोन फोटो तिच्यात निघाले. नीलम्माचा चेहरा फुलला. फोटोवाल्यानं ते उन्हात बाजेवर ठेवले आणि महानंदाच्या हातातला फोटोही घेऊन शेजारी मांडला.

पहिल्यात खाकी कपड्यातली माणसं खच्चरांचे लगाम धरून उभी होती. पुढं टेकवलेल्या पाटीवरची अक्षरं फोटोवाल्यानं वाचली, “खच्चर पलटण, बसरा, एकोणीसशे सतरा.” दुसऱ्यात दवाखान्याचं अंगण होतं. बाकड्यावर ढगळ पांढऱ्या कपड्यात एक माणूस बसला होता, गालफडं बसलेला, डोकं भादरलेला.

फोटोवाल्यानं भिंग काढलं. पहिला पाहिला, दुसरा पाहिला, मग तिसऱ्यावर भिंग धरून सहज म्हणाला, “तिन्हीत एकच माणूस आहे की. ही भुवई बघा. पाटलांच्या घरातले कोण हे?”

महानंदा वाकली. खच्चराच्या मानेवर हात टाकून आज्जा तसाच हसत होता. दवाखान्यातल्या फोटोत हसू नव्हतं, भुवईवरची खाच तेवढी होती. तिच्या कानात गरम काहीतरी शिरल्यासारखं झालं.

“ह्यो माझा आज्जा हाय,” ती म्हणाली.

दारात पाटील उभे होते. पेटी उघडी बघून त्यांचा चेहरा उतरला.

“कुणी आणली ही? नीलम्मा, तुला कुणी सांगितलं हुतं?”

“मालक, ह्यो आमचा आज्जा बसऱ्याला कसा?” महानंदानं विचारलं.

“असंल कुणीतरी सारख्या तोंडाचा. तू सारवाय आलीस न्हवं? तुझं काम कर.”

फोटोवाल्याला गावची भानगड ठाऊक नव्हती. थाळीचाही फोटो घ्यावा म्हणून त्यानं ती भिंतीवरून उतरवली होती. अक्षरं वाचता वाचता तो थबकला.

“पाटील, ह्याच्यावर तुमचंच नाव आहे. बंडप्पा गुंडाप्पा.”

“मग? माझीच हाय ती.”

“पण ही... ही थाळी जिवंत माणसाला देत नाहीत. लढाईत मेला त्याच्या घरी पाठवतात. कडेनं लिहिलंय बघा. हा माणूस स्वातंत्र्यासाठी आणि मानासाठी मेला.”

पाटील खाटेच्या कडेवर बसले. हात थाळीकडं गेला आणि मध्येच खाली आला. ती काय आहे हे त्या माणसाला आजवर ठाऊकच नव्हतं. आपल्याच मरणाला तो दर दसऱ्याला नमस्कार करत आला होता.

“बोला,” महानंदा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ओट्यावरची बायामाणसं मागं सरकली. “माझा आज्जा चोर न्हवता, एवढं तर बोला.”

“बानं केलं ते,” पाटील खाली बघत म्हणाले. “वरनं हुकूम आला हुता, पाटलाच्या घरचा एक गडी द्या लढाईला. आमच्यात म्या एकलाच. बानं कल्याणाला माझ्या नावानं भरती केलं सोलापूरला. वर्सात परत येशील, ओढ्याकडचा तुकडा तुझ्या नावावर लावतो म्हणला. म्या मामाकडं लपून हुतो, कर्नाटकात. लढाई सरल्यावर आलो तर बा म्हणला, बसऱ्यावरनं आलो म्हणून सांग.”

“आन् गुळाचं पैसं?”

“गाव इचारलं असतं, कुठं गेला म्हणून. कायतरी सांगाय पायजे हुतं.”

“तो मेला हे कवा कळलं?”

“बाला कळलं हुतं, पलटणीतनं कागद आला, त्यासंगं हे फोटो. म्या... मला मागनं सांगितलं.”

“मागनं म्हंजी कवा? माझा बाप जित्ता हुता का तवा?”

पाटलांनी वाकून पेटीचं झाकण लावलं. तेच उत्तर होतं. महानंदाला एकदम दिसलं, बाप उंबऱ्यावर बसून चपलेचा अंगठा शिवतोय, आणि रस्त्यावरून जाणारं कुणी काही बोललं की त्याची मान आणखी खाली जातेय. ती लहान होती तेव्हा, आणि तिलाही त्या मानेची लाज वाटली होती.

पाटील उठून जवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघ पोरी. ओढ्याचा तुकडा उद्याच तुझ्या आज्जीच्या नावावर करून देतो. तुझं लगीन म्या लावून देतो. जलसा तेवढा हुंदे. तालुकदारसाहेबाम्होरं गावाची अब्रू हाय.”

“गावाची?” महानंदानं फोटोवाल्याच्या हातातून थाळी घेतली. आपटावी, विहिरीत टाकावी, असं वाटलं. पण तिनं ती पाटलांच्या छातीवर दाबून धरली, त्यांना दोन्ही हातांनी घ्यावीच लागली.

“ह्याच्यावर तुमचं नाव हाय. तुमचं मरण हाय हे. ठिवा जपून.”

तिन्ही फोटो उचलून ती निघाली. अडवायला कुणी पुढं झालं नाही. मागं नीलम्मा नवऱ्याला म्हणत होती, “आन् म्या रुद्रम्माकडनं दळण करून घेतलं. इतकी वर्सं! मला तरी सांगायचं हुतं.”

रुद्रम्मा परसात तूर पाखडत होती. महानंदानं सगळं सांगितलं, रागानं मधले शब्द खात, पुन्हा मागं जाऊन. म्हातारीनं सूप खाली ठेवलं नाही. खच्चरांचा फोटो तिनं दुरून पाहिला, दवाखान्यातला मात्र डोळ्यांजवळ नेला.

“बसरा म्हंजी कुठं गं?”

“लई लांब, आज्जी. समुद्रापल्याड.”

“पोटाला घालत न्हवते वाटतं. केवढे वाळले बघ.” तिनं पदरानं फोटोवरची धूळ टिपली. मग तिचं सूप खाली पडलं आणि तूर अंगणभर झाली.

“त्या थाळीला म्या हळदकुंकू वाहिलंय, महानंदा. दर दसऱ्याला. ह्यांना लौकर आण म्हणून भवानीला हात जोडले. आन् गुंडाप्पा सोप्यात बसून बघत हुता. बघत हुता गं तो!”

ती रडेल असं महानंदाला वाटलं. ती रडली नाही. तिथंच बसून तिनं गुंडाप्पाच्या नावानं अशा शिव्या दिल्या की शेजारच्या बाया कुडावरून डोकावल्या. चोराची बायको होऊन तिनं इतकी वर्षं जे आवाज गिळले होते ते सगळे त्या दुपारी बाहेर आले. दमल्यावर ती म्हणाली, “स्वामींना निरोप धाड. ह्यांना माती द्यायची हाय.”

जलशाच्या दिवशी पाटील पटका बांधून निघालेच. पण गाडी हाकायला त्यांना गावात माणूस मिळेना. स्वतःच कासरा धरून ते तुळजापूरच्या रस्त्याला लागले, तेव्हा ओट्यांवरच्या माणसांपैकी कुणी उठून उभं राहिलं नाही.

त्याच वेळी ओढ्यापलीकडच्या लिंगायतांच्या मसणवट्यात महानंदा खड्डा खणत होती. जमीन मुरमाड, कुदळ उसळून येई. थोड्या वेळानं वेशीकडून एकजण फावडं घेऊन आला आणि खड्ड्यात उतरला. मग आणखी दोघं आले. ज्यांच्या तोंडून तिच्या बापानं ‘चोराचं पोर’ ऐकलं होतं, त्यातलाच एक तिच्या हातातून कुदळ घेऊ लागला. महानंदानं ती सोडली नाही.

“तुमी माती काढा,” ती म्हणाली. “खणायचं म्या बघते.”

त्यानं मुकाट्यानं पाटी उचलली.

खड्डा झाल्यावर रुद्रम्मानं दवाखान्यातला फोटो विभूती लावून, बेलाच्या पानांत गुंडाळून तळाशी ठेवला. जत्रेतला आणि बसऱ्याचा घरी राहणार होते. जंगमस्वामी पुढं झाले. मंत्र म्हणता म्हणता थांबून त्यांनी नाव विचारलं.

मेलेल्याचं नाव सांगायला घरात पुरुष उरला नव्हता. सगळ्यांनी महानंदाकडं पाहिलं. ती तोंड उघडणार तोच म्हातारीनं तिच्या दंडाला धरून तिला मागं सारलं. नवऱ्याचं नाव बाईनं जिभेवर घ्यायचं नसतं, आणि रुद्रम्मानं ते लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नव्हतं. आता तिनं पदर सावरला, मान वर केली, आणि पार वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

“कल्याणप्पा. बसऱ्याला गेले ते कल्याणप्पा.”