निजामच्या हातातली हॉकी

मी एक जुनी हॉकीची काठी आहे. मैदानावरची मुले मला नुसतेच 'हॉकी' म्हणत, म्हणून मीही स्वतःला तेच म्हणते. मित्रांनो, एखादी वस्तू आपली कहाणी सांगू लागली की बहुधा आपली हेळसांड कशी झाली ते सांगते. माझे उलट आहे. माझा फार मान झाला, आणि त्या मानाचेच मला दुःख आहे.

माझा जन्म सियालकोटचा. तिथल्या कारखान्यात तुतीचे लाकूड वाफेवर मऊ करून त्याला वाक दिला आणि वर वेताची मूठ बसवली. लाकूड आणि वेत जिथे जुळतात तिथे दोरा गुंडाळून त्यावर कापडी पट्टी चढवली. आम्हा अकरा बहिणींना तरटात बांधून आगगाडीत घातले. मलकापूर स्टेशनावर आम्ही उतरलो आणि मोटारीच्या टपावर बसून, राजूर घाट चढून बुलढाण्याला आलो. साल एकोणीसशे छत्तीस होते. ज्या हायस्कुलात आले त्याचे नाव मी सांगत नाही. अजून मी त्याच्याच छपराखाली आहे.

पहिल्याच दिवशी मला निजामने उचलले. तो मोताळ्याचा. त्याचे वडील रहेमतुल्ला खांद्यावर कमान घेऊन गावोगाव कापूस पिंजत, गाद्या-रजया भरून देत. निजाम बुलढाण्यात मामाकडे राहून शिकत होता. वय सतरा, उंची बेताची, पायात काही नाही. मुरमाच्या मैदानावर अनवाणी धावणारा तो मुलगा चेंडू माझ्या टोकाला असा चिकटवून नेई, की मलाच कळत नसे मी त्याला नेते आहे की तो मला. वर्षभरात आम्ही अकोल्याला खेळलो, खामगावला खेळलो. मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या शाळांच्या सामन्यांत बुलढाण्याच्या पोरांचे नाव होऊ लागले.

शाळेत नीळकंठराव नावाचे गणिताचे मास्तर होते. ते खेळाचे मास्तर नव्हते, त्यांना हॉकी धरतासुद्धा येत नसे. पण एकदा ते कामासाठी खामगावला गेले होते आणि तिथल्या जिनिंगमध्ये त्यांना कापसाची गाठ पाठीवर घेतलेला हिंमतराव दिसला. हिंमतराव म्हणजे शाळेचा आधीचा कॅप्टन. दोनदा मॅट्रिकला नापास झाला आणि शाळेला त्याची आठवणही उरली नाही. मास्तर त्याच रात्री बुलढाण्याला परतले. दुसऱ्या दिवशी खेळ सुटल्यावर ते धोतर सावरत मैदानावर आले आणि म्हणाले, "कोणी घरी जायचं नाही. अर्धा तास बसायचं."

तेव्हापासून रोज, खेळ संपला की उन्हे उतरेपर्यंत, मैदानाकडेच्या कडुलिंबाच्या झाडाखाली पाच मुलांचा वर्ग भरू लागला. पाचही मॅट्रिकची, पाचही गरिबाघरची, पाचही संघातली. पाटी नव्हती. मास्तर मला हातात घेत आणि माझ्या टोकाने मातीत त्रिकोण काढत. मित्रांनो, गोल मारण्याइतकाच मला त्या त्रिकोणांचा अभिमान वाटे. इंग्रजीत अर्ज कसा लिहायचा, साहेबापुढे उभे कसे राहायचे, कॉलेजात कोणते विषय असतात, पोलिसात आणि रेल्वेत खेळाडू कसे घेतात, हे सगळे मास्तर सांगत.

एकदा ते मैदान दाबायच्या दगडी रुळावर बसले आणि म्हणाले, "समजा, मी अमरावतीच्या कॉलेजचा प्रिन्सिपल आहे. निजाम, तुला मी का घ्यावं?"

"मी सेंटर फॉरवर्ड खेळतो जी."

"ते दुसऱ्यांनाही येतं. आणखी?"

निजाम बराच वेळ माझ्या मुठीवर अंगठा घासत राहिला. मग म्हणाला, "मले भूमिती आवडते."

गोलकीपर उद्धव फिस्सकन हसला. मास्तर हसले नाहीत. "काऊन रे?" त्यांनी त्याच्याच बोलीत विचारले.

"तिथं एक डाव शाबीत झालं, का मंग कोनी नाही म्हनू शकत नाही जी."

मास्तरांनी त्याच आठवड्यात अमरावतीच्या कॉलेजला पत्र लिहिले. उत्तर आले. मुलगा मॅट्रिकला सेकंड क्लासात, म्हणजे दुसऱ्या वर्गात, पास झाला आणि जुलैत त्याने मैदानावर खेळून दाखवले, तर फी माफ आणि वसतिगृहात जागा. रहेमतुल्लांना हे सांगायला मास्तरांनी त्यांना शाळेत बोलावून घेतले. ते कमान घेऊनच आले. दाढीत कापसाचे तंतू अडकले होते.

"मी कापूस पिंजतो, हा काय पिंजून राह्यला मास्तर?" ते हसून म्हणाले. पत्रात काय आहे ते कळल्यावर मात्र त्यांचे हसू गेले. त्यांनी पत्राला बोट लावून पाहिले. "म्हन्जे हा आता सावलीत बसून कमाईन?"

"पास झाला तर."

"होईन जी. मी त्याले कामाले बलावत नाही आता."

जानेवारीत खामगावच्या सामन्यात समोरच्या गड्याची काठी माझ्यावर जोरात बसली. वेत आणि लाकूड जिथे जुळतात तिथे, पट्टीच्या आत, मला तडा गेला. बाहेरून काही दिसत नव्हते. निजामच्या हाताला मात्र ते कळले. प्रत्येक फटक्याला त्याच्या तळव्यात झिणझिण्या येत. तो हेडमास्तरसाहेबांकडे गेला. "साहेब, हॉकी आतून वाजून राह्यली. दुसरी भेटन काय?"

साहेबांनी मला उलटसुलट पाहिले. "चांगली तर आहे. नव्या काठ्या पुढच्या वर्षी."

मास्तरांनी मग स्वतःच्या पंच्याची चिंधी फाडून माझ्या सांध्यावर घट्ट आवळून बांधली. फार मायेने बांधली. त्यामुळे तडा आणखीच झाकला गेला. आत काय आहे ते फक्त मला ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते.

मार्चमध्ये परीक्षा आली. गुरुवारी पहिला पेपर. आणि त्याआधीच्या रविवारी सामना ठरला, कारण नागपूरहून एक मोठे पाहुणे बुलढाण्याला येणार होते आणि त्यांच्या हस्ते कप द्यायचा होता. मास्तर थेट हेडमास्तरांच्या खोलीत गेले. मी दाराशी निजामच्या हातात होते.

"साहेब, मॅट्रिकची मुलं खेळणार नाहीत. निजाम तर नाहीच नाही."

"एका तासाचा खेळ आहे, नीळकंठराव. मध्ये तीन दिवस आहेत."

"त्याचं सगळं आयुष्य या परीक्षेवर आहे."

साहेबांनी निजामकडे पाहिले. "शाळेत तुझी फी माफ आहे ती कशासाठी रे? खेळासाठीच ना?"

निजामने मला भिंतीला टेकवून ठेवले. मग म्हणाला, "मी खेळतो जी."

बाहेर आल्यावर मास्तर त्याला रागावले. निजाम म्हणाला, "सर, तुम्ही काऊन भांडता? तुमालेच त्रास होईन. एक घंट्याचा तर खेळ हाय." मास्तर पुन्हा आत गेले नाहीत. ते आणखी भांडले असते तर काय झाले असते, हे मला माहीत नाही. त्यांनाही ते शेवटपर्यंत कळले नसावे.

रविवारी सामना बरोबरीत चालला होता. शेवटची मिनिटे. उद्धवने अडवलेला चेंडू निजामकडे आला. त्याने दोघांना चकवले आणि गोलापुढे येऊन मला पूर्ण खांद्यामागे नेले. मला ओरडायचे होते. मारू नको, मी तुटते आहे, असे सांगायचे होते. तो माझ्यावर भरवसा ठेवून धावत आला होता आणि मी एक लाकूड होते.

चेंडू गोलात गेला. माझे दोन तुकडे झाले आणि वेताची धारदार ढलपी त्याच्या उजव्या तळव्यात, अंगठ्याच्या मुळाशी आरपार शिरली.

लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. त्याने हात सदऱ्यात खुपसला होता, म्हणून कोणाला काही दिसले नाही. पाहुण्यांनी कप देऊन हात पुढे केला तेव्हा निजामने डावा हात दिला. मंडपात लोक हसले. खेड्यातल्या पोराला रीत माहीत नाही, असे कोणीसे म्हणाले. मग सदऱ्यावर रक्त आले.

डॉक्टरांनी ढलपी काढली, टाके घातले आणि सांगितले, आतली शीर तुटली आहे, महिनाभर हात हलवायचा नाही. मास्तरांनी लेखनिक मिळावा म्हणून अर्ज लिहिला. त्यावर हेडमास्तरांची सही हवी होती. साहेब पाहुण्यांबरोबर शेगावला गेले होते. ते बुधवारी संध्याकाळी परतले तेव्हा अर्जाची वेळ टळून गेली होती.

सोमवारपासून तीन दिवस माझे तुकडे लिंबाच्या बुंध्याशी पडून होते, म्हणून पुढचे मी पाहिले. सतरा वर्षांचा निजाम मातीत बसून डाव्या हाताने 'अ' काढत होता. मास्तर शेजारी उकिडवे बसले होते. अक्षर वाकडे येई, निजाम तळहाताने माती सपाट करी आणि पुन्हा काढी. तिसऱ्या दिवशी त्याला ओळ लिहिता आली, पण एक ओळ लिहायला इतका वेळ लागे, की मास्तर तोंड फिरवून बसत.

"सर, भूमितीत लिहाचं कमी असते," निजामच त्यांना धीर देई. "निघून जाईन."

भूमितीत त्याला चांगले गुण पडले. इंग्रजीचा निबंध अर्धाच राहिला, इतिहासाचे दोन प्रश्न राहिले. जूनमध्ये निकाल लागला. निजाम तिसऱ्या वर्गात पास. उद्धव दुसऱ्या वर्गात आला आणि पुढे रेल्वेत लागला. मास्तर स्वतः अमरावतीला जाऊन आले. कॉलेजच्या लोकांनी त्यांना चहा दिला, हळहळ व्यक्त केली, पण जागा दिली नाही. तसेही जुलैत मैदानावर निजामला खेळून दाखवता आले नसते. त्याचा अंगठा आता मिटत नव्हता.

आणि माझे काय झाले? हेडमास्तरांनी मला सुताराकडून जोडून घेतले, सांध्यावर पितळी पट्टी ठोकली आणि ऑफिसातल्या काचेच्या कपाटात कपाशेजारी उभे केले. 'विजयी गोल मारणारी हॉकी' अशी चिठ्ठी खाली लावली. मास्तर ते पाहून एकदाच बोलले, "साहेब, काठीला काय जागा देता? त्या पोराला द्या कुठेतरी." पुढच्या वर्षी त्यांची संस्थेच्या दुसऱ्या गावातल्या शाळेत बदली झाली. लिंबाखालचा वर्ग बंद पडला.

मित्रांनो, तेव्हापासून मला दर आठवड्याला पुसतात. पाहुणे येतात, माझ्याकडे बोट दाखवतात. तो गोल कोणी मारला असे आजवर एकानेही विचारले नाही.

चार वर्षांनी एक दिवस निजाम ऑफिसात आला. कापूस पिंजायला कमानीवर मारायचा लाकडी ठोकळा मुठीत धरावा लागतो, तोही त्याला धरता येत नव्हता, म्हणून वडिलांचे कामही त्याच्या उपयोगाचे नव्हते. मोटार सर्व्हिसमध्ये तिकिटे देण्याची नोकरी मिळेल असे कळले होते. त्यासाठी शाळेचा दाखला हवा होता. कारकून नवा होता, निजामला ओळखत नव्हता. दाखला शोधताना तो म्हणाला, "त्या कपाटाले टेकू नको बे. शाळेचा मान हाय तो."

"नाही टेकत जी," निजाम म्हणाला आणि बाजूला सरला. त्याने काचेतून माझ्याकडे पाहिले. मी त्याला हाक मारू शकले नाही.

कारकुनाने कागद पुढे केला. निजामने डाव्या हाताने सही केली. अक्षर वळणदार होते. कारकून कौतुकाने म्हणाला, "डावरा हायेस काय?"

"नाही जी," निजाम म्हणाला. "झालो."

दाखला घडी करून त्याने खिशात ठेवला आणि तो मोटारीच्या वेळेला निघून गेला. ती नोकरी त्याला मिळाली की नाही, मला अजून कळलेले नाही. मित्रांनो, तुमच्याही शाळेत असे एखादे कपाट असेल. आतल्या वस्तू पुसायला पुष्कळ हात असतात. तुम्ही एवढेच करा. आज मैदानावर जो तुमच्यासाठी धावतो आहे, तो 'आतून वाजते आहे' असे म्हणाला, तर पट्टी सोडून पाहा.