आलेग्रेला लागली कणीक

मी आलेग्रे बोलतोय. कोलंबियाच्या समुद्रकाठी राहणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचा मी ढोल. नावाचा अर्थच आनंदी. यादिराच्या वडिलांनी खोड पोखरून, त्यावर बकऱ्याचं कातडं ताणून मला घडवलं. दोरांत लाकडी पाचरी ठोकल्या की माझा आवाज चढतो.

यादिरा मला हातांनी वाजवते आणि शेजारी विल्मर यंत्रातून आवाज काढतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणाचा तरी फ्रिज बिघडला. आता मात्र मला तो आवडतो. आमच्या जुन्या गाण्यांवर तरुण पोरं नाचतात ती त्याच्यामुळेच.

काल ओमानमधल्या मत्रहला आमचा कार्यक्रम होता. विमानात माझ्या दोन पाचरी फुटल्या आणि कातडं सैल पडलं. विल्मर म्हणाला, "याचा आवाज यंत्रात भरलेला आहे. तोच वाजवू." मी समोर जिवंत उभा, आणि हे माझ्या फोटोला हार घालायला निघाले. फार वाईट वाटलं.

सभागृहाचे मॅनेजर शरीफ यांनी जवळच्या अल अमेरातहून सुतार बोलावला. जनार्दन, मूळचा गुहागरकडचा. त्याने नव्या पाचरी तासून ठोकल्या, थाप मारली, कान लावला. "घुमत नाय रे तू," असं पुटपुटत तो खालच्या कॅफेटेरियात गेला आणि कणकेचा गोळा आणून त्याने थेट माझ्या तोंडावर थापला.

यादिरा आली ती बघतच राहिली. "ड्रमला पीठ?"

शरीफनी कपाळावर हात मारला.

"मॅडम, हमारे गाव में मृदंग को लगाते हैं," जनार्दन ओशाळून म्हणाला. "गलती हो गया. निकालता हूँ."

"आधी वाजवून दाखव," शरीफनी अर्थ सांगितल्यावर यादिरा म्हणाली.

"यल्ला, चलो, बजाओ," शरीफनी हिंदीत सांगितलं.

त्याने शिमग्यातल्या नमनाच्या खेळाचा ठेका धरला. माझ्या पोटातून असा खोल आवाज निघाला की मीच दचकलो. विल्मर माइक घेऊन धावत आला. यादिराने टाळ्यांनी आपला ताल त्यात गुंफला आणि आमची गाडी सुसाट सुटली.

संध्याकाळी शेवटचं गाणं जनार्दनने वाजवलं, कामाच्याच कपड्यांत. लोक खुर्च्या सोडून नाचले. नंतर माझ्यावर तळवा ठेवून तो शरीफना म्हणाला, "नौ साल से शिमगे को छुट्टी नहीं मिली. इस बार जाऊंगाच."

उद्या आमचं विमान आहे. गुहागरकडचं कुणी ऐकत असेल तर एवढंच करा. यंदाच्या नमनात एक मृदंग रिकामा ठेवा. जनार्दन येतोय.