लीडरने हात लावायचा नाही

माझ्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात. खोटं आहे. नाकावर थांबायला त्याला वेळ कुठाय? तो कधीच उतरून समोरच्याच्या अंगावर गेलेला असतो.

दहावीत असताना गणिताच्या बाईंशी वाजलं आणि मी दप्तर उचलून वर्गाबाहेर पडले. दरवाजा मात्र फार झकास आपटला. माझ्या शिक्षणातलं तेवढंच एक काम नीट पूर्ण झालंय.

मग एका हॉटेलात लागले. टेबलं पुसली, भांडी घासली, तळणावर उभी राहिले. हात माझा भलता चपळ. दुसरा एक काम करेपर्यंत माझी तीन झालेली असतात, आणि चौथं म्हणजे त्या दुसऱ्याला टोमणा मारणं. त्यामुळे मालक जेव्हा म्हणाले, "एका जणाला शिफ्ट लीडर करायचं म्हणतोय," तेव्हा त्यांचं वाक्य संपायच्या आत माझा हात वर. शिफ्ट लीडर म्हणजे त्या वेळेपुरता हॉटेलचा राजा. कोण कुठे उभं राहणार, कुठलं टेबल कोणाला द्यायचं, कोण कधी जेवायला जाणार, सगळं तोच ठरवणार. मला वाटलं, लोकांना कामाला लावायचं आणि वर पगार घ्यायचा. हे तर मी फुकटात करत होते.

घरी सांगितलं, की आठवडाभर शिकवणार आणि मग रविवारी एक शिफ्ट चालवून दाखवायची. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर विहिरीसारख्या अंधारात एकटे असतात, त्यामुळे बोलायची सवय नाही. ते जेवता जेवता म्हणाले, "रविवारी परीक्षा आहे ना? पास झालीस तर माझं काही म्हणणं नाही. नाही झालीस तर परत दहावीत बसायचं."

आता यातली गोम अशी की माझा धाकटा भाऊ यंदा दहावीत जाणार होता. त्याच शाळेत. म्हणजे मी आणि तो एका वर्गात.

"ताई, माझ्या शेजारीच बस हं," तो म्हणाला. "मी मित्रांना सांगून ठेवलंय."

मी त्याला लाटणं फेकून मारणार होते, पण बाबा बघत होते.

शिकवायला जो माणूस आला तो मालकांच्या दुसऱ्या हॉटेलातला. पहिल्याच दिवशी आम्ही त्याचं नाव थंडोबा ठेवलं. त्याच्या शेजारी कुकर फुटला असता तरी त्याने आधी घड्याळ पाहिलं असतं. मला म्हणाला, "तुम्ही इथे उभ्या राहा." मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. मला आजवर कोणी 'तुम्ही' म्हटलंच नव्हतं.

जागा होती खिडकीजवळची. खिडकी म्हणजे स्वयंपाकघर आणि बाहेरचं दालन यांच्या मधली. तिथून चिठ्ठ्या आत जातात आणि ताटं बाहेर येतात. तिथून दोन्हीकडचं दिसतं.

"हात मागे," थंडोबा म्हणाला. "लीडरने हात लावायचा नाही. कशालाच."

"आणि कोणाचा हात भाजला तर?"

"बर्फ आणायला सांगायचं."

"आणायला कोणी मोकळं नसेल तर?"

"तर तुम्ही माणसं चुकीची लावलीत."

"पण मी स्वतः आणला तर लवकर येईल ना!"

"येईल," तो म्हणाला. "आणि तोवर इकडे कोण बघेल?"

मला हे सगळं आळशी लोकांनी शोधून काढलेलं तत्त्वज्ञान वाटलं. पण आठवडाभर हात मागे बांधून उभी राहिले. रोज अर्ध्या तासात बोटं शिवशिवायची. एकदा खिडकीवरचं ताट नकळत उचललं तर थंडोबा नुसता "अं" म्हणाला. मी ते गुपचूप परत ठेवलं, चोराने चप्पल ठेवावी तसं.

रविवार उजाडला. दुपारची शिफ्ट, सगळ्यात गर्दीची. थंडोबा कोपऱ्यातल्या टेबलावर काळा चहा घेऊन बसला. सांगून टाकलं, "मी आज इथे नाही असं समजा."

सुरुवातीला सगळ्यांना गोळा करून दोन शब्द बोलायचे असतात. मी आरशासमोर भाषण पाठ केलं होतं. "मित्रांनो, आज आपण सगळे एक कुटुंब आहोत."

आचारी काका हात पुसत म्हणाले, "पोरी, एक कुटुंब आहे मला घरी. तेवढ्यानेच जीव मेटाकुटीला आलाय. आज किती माणूस येईल ते सांग."

सगळे हसले. माझे कान तापले, पण गिळलं. भाषणही गिळलं. माणसं लावली. काका शेगडीवर. लंबू तळणावर. लंबू नावाप्रमाणे उंच आणि उंटाइतकाच घाईत. भांड्यांवर मावशी. बाहेर तीन वेटर, त्यात दाराशी गोड्या. त्याला गोड्या म्हणतात कारण गिऱ्हाइकाला तो "नाही" सुद्धा असं सांगतो की माणूस "थँक्यू" म्हणतो. माझं आणि त्याचं पटत नाही. माझं कोणाशी पटतं म्हणा.

पहिला तास लोण्यासारखा गेला. मी हात मागे बांधून उभी. मनात म्हटलं, एवढंच? हे तर मी झोपेत करीन.

आणि दार उघडून पोहण्याच्या स्पर्धेतली अख्खी टीम आत आली. वीस-पंचवीस पोरं, केस ओले, डोळे लाल, आणि भूक अशी की मेनूकार्ड चावतील. प्रत्येकाला एकच हवं होतं, तळलेले बटाटे.

चिठ्ठ्यांची रांग लागली. मी लंबूकडे पाहिलं. लंबू तेलात टोपली सोडत होता, बाळाला पाळण्यात ठेवतात तशी. मग तिच्याकडे प्रेमाने बघत उभा राहिला.

"लंबू, हात उचल!"

"उचलतोय ना."

"उचलणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे का?"

माझी बोटं शिवशिवली. मनात म्हटलं, एकच टोपली. एक टोपली काढून देते आणि परत येते. झाकण उघडं दिसल्यावर मांजर पण असंच म्हणत असेल.

लंबूला खांद्याने बाजूला ढकललं आणि सुरू झाले. काय सांगू! हात नुसते उडत होते. टोपली वर, मीठ, झटका, ताटात, पुढची आत. लंबू बाजूला उभा राहून बघत होता. मी त्यालाही दोन शब्द सुनावले, "असं करतात काम!" मध्ये गोड्या खिडकीत येऊन काहीतरी विचारत होता. मी न बघताच म्हटलं, "दिसत नाही का, कामात आहे!" तो परत आला. मी परत तेच. इतके सुंदर बटाटे मी माझ्या आयुष्यात कधीच तळले नव्हते. वाटलं, थंडोबाने हे बघायला हवं. बघ म्हणावं, याला म्हणतात लीडर.

शेवटची टोपली काढून घाम पुसत मी वळले.

खिडकीत ताटांचा ढीग. सुपावर साय धरलेली. माझे बटाटे, ते सुंदर बटाटे, तिथेच ओळीने गार होत पडलेले. कारण कोणतं ताट कुठल्या टेबलाचं हे सांगायला खिडकीत कोणीच नव्हतं. एक वेटर पोहणाऱ्या पोरांना पाणी देत होता, दुसरा एका आजोबांची बोलणी खात होता. तीन टेबलं खरकटी. आणि दारात माणसं खोळंबलेली.

त्या माणसांत सगळ्यात पुढे बाबा.

लग्नकार्यात घालतात तो शर्ट घालून आले होते. शेजारी भाऊ, मान उंच करून सगळा गोंधळ डोळ्यांत साठवत होता. न सांगता आले होते. किती वेळ उभे होते देव जाणे. मला म्हणे सगळं दिसतं. कोणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय ते मला दुरून दिसतं. आणि माझा बाप दारात ताटकळत उभा होता, तो दिसला नाही.

माणसाला अशा वेळी लाज वाटते. मला राग येतो. आणि रागाला समोर कोणीतरी लागतं. समोर गोड्या होता.

"दारात माणसं उभी आहेत, डोळे फुटले का तुझे?" मी भर दालनात ओरडले. "झोपा काढतोस? तुला ठेवलंय कशाला इथे?"

पोहणाऱ्या पोरांनीसुद्धा तोंडाशी नेलेले पाण्याचे ग्लास तसेच धरले.

गोड्याने शांतपणे एप्रन सोडला. खिडकीवर ठेवला. "कुठलं टेबल द्यायचं म्हणून तीनदा विचारायला आलो," तो म्हणाला. "तू कामात होतीस. मग तूच कर सगळं. करतेच आहेस." आणि मागच्या दाराने निघून गेला.

मी थंडोबाकडे पाहिलं. तो चहाच्या कपात बघत होता, जणू आत सिनेमा चालू आहे.

मी एप्रन उचलला. बांधून टाकते, म्हटलं. दारही सांभाळते, टेबलंही उचलते. तिघांचं काम मी एकटी करू शकते. खरंच करू शकते, हीच तर माझी बोंब आहे. नाडीची गाठ मारायला मान खाली घातली आणि लक्षात आलं, मान खाली गेली की झालं. पुन्हा कोणालाच काही दिसणार नाही. वर पाहिलं तर बाबा माझ्याकडेच बघत होते. रागाने नाही. लिफ्ट अडकली की ते जसे आधी नुसते बघत उभे राहतात, तसे.

एप्रन हातात घेऊन मी मागे गेले. गोड्या भाज्यांच्या रिकाम्या क्रेटवर बसला होता.

"आलीस? काय राहिलं, अजून दोन शिव्या?"

"चल आत."

"ही माफी आहे?"

"हो."

"वाटली नाही."

"चुकलं माझं. ओरडायला नको होतं. आणि तू विचारत होतास तेव्हा मी बघायला हवं होतं. झालं?"

"आणि?"

"आणि काय, पाया पडू?"

"पडलीस तर बघायला आवडेल," तो म्हणाला, आणि हसू दाबायला गेला पण फसला. "दारातले ते तुझे वडील का गं? नाक तेच आहे."

"हो."

"मग आधी बोलायचंस ना, बाई! चल. कुठे बसवू त्यांना?"

हेच तो तीनदा विचारत होता.

"पलीकडच्या कोपऱ्यातले ते दोघे उठतायत," मी म्हटलं. "ते टेबल पूस, बाबांना तिथे दे. त्यांच्या मागचे चौघे मोठ्या टेबलावर. आणि सूप आधी लाव."

मग मी खिडकीजवळ जाऊन उभी राहिले. हात मागे. एका वेटरला नुसतं ताटं उचलायला लावलं, बाकी काही बघायचं नाही. गार सूप काकांकडे परत पाठवलं. काका करवादले, "आता आठवण झाली?" मी म्हटलं, "हो काका, आत्ताच झाली." काकांनी पातेलं आदळलं, पण शेगडीवर. लंबूला सांगितलं, "पहिली टोपली निम्मी झाली की दुसरी सोड, तुझ्याच चालीने सोड." आणि गंमत म्हणजे त्याची चाल पुरली.

पण उभं राहणं! एका बाईंनी पाणी मागितलं. पाण्याचा जग माझ्यापासून हातभर लांब. मी लांबच्या वेटरला हाक मारली. त्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू विचारतायत, एवढी ऐतखाऊ मुलगी कोणाच्या पोटी जन्मली असेल. पोटी नाही, बाई, पण बाप तिकडे कोपऱ्यात सूप पितोय, असं सांगावंसं वाटलं. मी मागच्या मागे स्वतःचंच मनगट आवळून धरलं.

गर्दी ओसरली तसा थंडोबा उठून आला. "कसं वाटलं?"

गोड्याचं नाव जिभेवर आलं होतं. भांडण त्याच्यामुळे, तो निघून गेला, वगैरे. "माती खाल्ली," मी म्हटलं.

"कधी?"

"लंबूला ढकललं तेव्हाच."

त्याने मान हलवली. "मध्ये शिफ्ट हातातून गेली होती. तुम्ही परत आणलीत. पण आज पास नाही करत. पुढच्या रविवारी परत उभ्या राहा." मग जाता जाता, "आणि ब्रेक कोणालाच दिला नाहीत. मावशी सकाळपासून उभ्या आहेत."

मी आधी मावशींना जेवायला पाठवलं. त्या म्हणाल्या, "आता कुठली भूक, मेली ती." तरी गेल्या. मग मी बाबांच्या टेबलाशी गेले.

"पहिलं सूप गार होतं," बाबा म्हणाले.

"हो."

"दुसरं बरं होतं."

"बाबा, नापास केलं मला."

भावाने दोन्ही मुठी वर केल्या. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याने त्या खाली घेतल्या.

"त्या खिडकीपाशी किती वेळ उभी होतीस?"

"नंतर? शेवटपर्यंत."

"हं." बाबांनी चमचा ताटात आडवा ठेवला. "बालवाडीपासून तुझ्या एकेक बाईने मला बोलावून एकच सांगितलं. ही एका जागी टिकत नाही." "मग आता पुढे काय म्हणतो तो?"

"पुढच्या रविवारी परत परीक्षा घेणार आहे."

"मग पुढच्या रविवारी बघू. त्यातही नापास झालीस तर दहावी. त्यात बदल नाही."

"बाबा!" भाऊ ओरडलाच. "मी अख्ख्या वर्गाला सांगितलंय!"

"मग सांग, निकाल राखून ठेवलाय," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "चहा मिळेल?"

किटली शेजारच्या टेबलावरच होती. मी हात मागे घेतले. "गोड्या, इकडे एक चहा."

गोड्या लांबूनच म्हणाला, "प्लीज म्हण."

बाबा बघत होते. भाऊ बघत होता. थंडोबा दारात चपलेचा बंद लावायला वाकला होता, तोही तसाच थांबला.

म्हटलं. दात आवळून, पण म्हटलं.